जर्मनीला जाताय? आधी पत्ता, मग बाकी सगळं

भारतात आपली ओळख मोबाइल नंबराला टांगलेली असते. बँक असो, आधार असो की गॅसचं बुकिंग, ओटीपी आला की दार उघडतं. जर्मनीत तेच काम घराचा पत्ता करतो. कराचा क्रमांक, बँकेचं कार्ड, त्या कार्डाचा पिन, विम्याची पत्रं, सरकारी नोटिसा हे सगळं आजही तिथे कागदावर, टपालानं, नोंदवलेल्या पत्त्यावर येतं.

नव्यानं जाणारा माणूस नेमका या दोन्हींच्या मध्ये अडकतो. भारतातला नंबर बंद पडलेला असतो आणि जर्मनीतला पत्ता अजून नोंदवलेला नसतो. इथल्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत, तिथे खातं उघडत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: निघण्याआधी नंबर पक्का करा, पोचल्यावर पत्ता पक्का करा, बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात.

१. निघण्याआधी: मोबाइल नंबर आणि नावाची स्पेलिंगं

बँक, पॅन, आधार, डिमॅट आणि भविष्य निर्वाह निधीला जोडलेला नंबर एकच आहे का ते आधी बघा. त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच सुरू करून घ्या. परदेशात पोचल्यावर रोमिंग सुरू करायला अनेकदा त्याच सिमवर ओटीपी लागतो आणि तो येत नाही. रोमिंगचं महागडं पॅक दर महिन्याला घ्यायची गरज नसते. एसएमएस मिळत राहावेत एवढंच हवं असतं, पण त्यासाठी सिमची वैधता चालू ठेवावी लागते. रिचार्जची तारीख घरच्या कुणाला तरी सांगून ठेवा.

आता नाव. मराठी घरांत इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव, पदवीवर आडनाव आधी, पॅनवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंच्या कागदांत तर दोन वेगवेगळ्या व्यक्ती दिसतात. जर्मन अधिकारी पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जसंच्या तसं उतरवतो. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव तिकडे तुमचंच दुसरं नाव मानलं जातं आणि सगळ्या कागदांवर येतं. ते तसं येऊ द्या, पण मग सगळीकडे तेच ठेवा. नाव बदललं असेल तर लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर निघण्याआधीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.

२. भारतातली बँक खाती

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी देश सोडला की परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या दृष्टीनं तुम्ही अनिवासी होता. साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही, ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. 'बँकेला कुठे कळतंय' म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच ठेवणारे बरेच असतात. पुढे घर विकताना किंवा मोठी रक्कम बाहेर नेताना तेच खातं गळ्याशी येतं.

एनआरओ आणि एनआरई या दोन खात्यांमधला फरक नीट लक्षात घ्या. भारतातलं उत्पन्न, म्हणजे भाडं, लाभांश, जुनी मुदत ठेव, एनआरओमध्ये जमा होतं. त्यावरच्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो. या खात्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, पण त्यासाठी कर भरल्याचं दाखवावं लागतं आणि अनेकदा चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतं. परदेशातली कमाई भारतात पाठवायची असेल तर एनआरई खातं. त्यातले पैसे मुक्तपणे परत नेता येतात आणि व्याजावर भारतात कर नाही.

इथे एक सापळा आहे आणि तो फार कमी लोक सांगतात. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी जर्मनीत करमुक्त नाही. जर्मनीचा रहिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं. त्याबद्दल शेवटच्या पायरीत.

निघण्याआधी उरकायच्या बाकी गोष्टी:

- गृहकर्जाचे हप्ते, एसआयपी, विमा हप्ते ज्या खात्यातून जातात त्याचा खाते क्रमांक एनआरओ झाल्यावर बदलणार का, हे बँकेला विचारा. बदलत असेल तर सगळ्या मँडेट नव्यानं द्याव्या लागतील.
- पीपीएफ आधीपासून असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं. अनिवासी झाल्यावर नवं उघडता येत नाही, मुदतही वाढवता येत नाही.
- घर, जमीन, भाडेकरू यांचे व्यवहार मागे राहत असतील तर मुखत्यारपत्र इथेच करून जा. नंतर तेच काम बर्लिनच्या दूतावासात किंवा फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिकच्या वाणिज्य दूतावासात साक्षांकन करून, मूळ कागद भारतात पाठवून करावं लागतं.
- प्राप्तिकर पोर्टलवर निवासाची स्थिती अनिवासी अशी बदला. आधारशी न जोडलेला पॅन निष्क्रिय होण्याचा त्रास बहुतेक वेळा याच नोंदीअभावी होतो.

३. श्पेरकोंटो: फक्त विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम गोठवलेल्या खात्यात ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. एवढी रक्कम ठेवली की दरमहा तेवढेच पैसे सुटतात. अर्ज करायच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर चालू आकडा बघून घ्या, कारण तो अधूनमधून वाढतो.

पैसे पाठवताना नेमके ११,९०४ पाठवू नका. वाटेतल्या मध्यस्थ बँका आपलं शुल्क कापून घेतात. १५-२० युरो कमी पोचले तरी पुष्टीपत्र निघत नाही आणि तेवढ्यासाठी पुन्हा एकदा सगळी प्रक्रिया करावी लागते. शंभर युरो जास्त पाठवा. भारतातल्या बँकेत फॉर्म भरताना 'सर्व शुल्क पाठवणाऱ्याचं' हा पर्याय निवडा. खातं देणाऱ्या कंपनीनं दिलेला संदर्भ क्रमांक शेऱ्याच्या जागी जसाच्या तसा टाका. तो नसेल तर पैसे पोचतात, पण कुणाचे ते कळत नाही.

कराचा हिशोबही आधीच करा. युरो शंभर रुपयांना धरला तरी ही रक्कम जवळपास बारा लाख होते, आणि एका आर्थिक वर्षात दहा लाखांपेक्षा जास्त रक्कम बाहेर पाठवली की वरच्या भागावर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ वसूल होणारा कर, घेते. मर्यादा पाठवणाऱ्याच्या पॅनवर मोजतात. आईवडील दोघांच्याही खात्यात स्वतःचे पैसे असतील तर दोघांनी मिळून पाठवता येतात. मात्र श्पेरकोंटो देणारी कंपनी दोन वेगळ्या खात्यांतून आलेले पैसे घेते का, हे आधी लिहून विचारा. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर टीसीएस लागत नाही. कापलेला टीसीएस बुडत नाही, ज्याच्या पॅनवर कापला त्याला विवरणपत्रात तो परत मागता येतो.

४. सोबत काय न्यायचं

हे सगळं हातातल्या बॅगेत असावं, चेक-इन केलेल्या सामानात नको:

- पासपोर्ट, आणि व्हिसाच्या पानासकट त्याच्या तीन-चार प्रती
- नोकरीचा करार किंवा विद्यापीठाचं प्रवेशपत्र
- जन्मदाखला आणि लग्नाचं प्रमाणपत्र, मूळ प्रती
- पदवी, गुणपत्रिका, जुन्या नोकरीची अनुभवपत्रं
- पहिल्या काही आठवड्यांच्या आरोग्य विम्याचा पुरावा
- श्पेरकोंटोचं पुष्टीपत्र
- मुलांच्या लसीकरणाचं कार्ड. गोवराच्या लशीचा पुरावा नसेल तर बालवाडीत मूल घेत नाहीत. हा नियम मार्च २०२० पासून आहे.
- भारतीय वाहन परवाना आणि त्यासोबतचा आंतरराष्ट्रीय परवाना. तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच तो चालतो, पुढे परीक्षा देऊन जर्मन परवाना काढावा लागतो.

लग्नाचं आणि जन्माचं प्रमाणपत्र जर्मनमध्ये भाषांतर करून लागतं, आणि ते शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच. अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का मारून आणला म्हणजे काम झालं असं धरून चालू नका. ज्या कार्यालयात कागद द्यायचा आहे त्यालाच मेल करून 'तुम्हाला कुठल्या स्वरूपात हवा' हे विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

रोख रक्कम १०,००० युरो किंवा त्याहून जास्त असेल तर युरोपीय संघात शिरताना जाहीर करावी लागते. पण तेवढी न्यायची गरजच नसते. पहिल्या महिन्यासाठी फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड पुरे. फक्त घराची अनामत फॉरेक्स कार्डानं भरता येत नाही, घरमालकाला बँकेतून आलेले पैसे हवे असतात. ती सोय वेगळी करून ठेवा.

५. आनमेल्डुंग: पत्ता नोंदवणं

सगळं इथूनच सुरू होतं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये म्हणजे नागरिक कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा असतो. काही शहरांत त्याच कार्यालयाला ब्युर्गरब्युरो म्हणतात. उशीर झाला तर कायद्यानं १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत अपॉइंटमेंटच मिळत नाही अशी परिस्थिती असते. तेव्हा पोचायच्या आधीच तारीख बघायला लागा, मिळेल ती घ्या आणि आरक्षणाचा मेल जपून ठेवा. तुम्ही वेळेत प्रयत्न केला होता याचा तो पुरावा. रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर परत दिसायला लागतात, म्हणून रोज सकाळी संकेतस्थळ बघत राहा. बर्लिनमध्ये शहरातल्या कुठल्याही भागातलं कार्यालय चालतं, घराजवळचंच हवं असं नाही. अपॉइंटमेंट पैसे घेऊन विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. ती फुकट असते.

काय लागतं: पासपोर्ट, नोंदणीचा फॉर्म, आणि व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हा शब्द लांब आहे, पण पाठ करावा असा आहे. घर देणाऱ्यानं 'ही माणसं अमुक तारखेला माझ्या घरात राहायला आली' असं लिहून सही केलेलं पत्र म्हणजे हे. भाडेकरार दाखवून भागत नाही. नवखे लोक नेमके इथूनच परत पाठवले जातात, आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळते.

ते पत्र हातात आल्यावर चार गोष्टी तपासा: घर देणाऱ्याचं नाव आणि पत्ता, राहायला आल्याची तारीख, मजल्यासकट घराचा पत्ता, आणि राहायला आलेल्या सगळ्यांची नावं. बायको आणि मुलांची नावं राहून गेली तर त्यांची नोंद होत नाही. कुणाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहत असाल तर मूळ भाडेकरूनं दिलेलं पत्रही चालतं, कारण तुम्हाला घर देणारा तोच.

म्हणून तात्पुरतं घर बुक करताना पहिला प्रश्न हाच विचारा: 'इथे आनमेल्डुंग होईल का?' सुट्टीसाठी भाड्यानं मिळणाऱ्या बहुतेक घरांत होत नाही. भाडं शंभर युरो जास्त पडलं तरी चालेल, पण जिथे नोंदणी होते तिथेच पहिले दोन-तीन महिने काढा. दोनशे युरो घेऊन नुसता पत्ता देणारे लोक इंटरनेटवर भेटतात. प्रत्यक्ष न राहता पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे, खोटी नोंदणी करणाराही सुटत नाही. आणि तुमची सगळी पत्रं अनोळखी माणसाच्या दारात पडतात, ते वेगळंच.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. तो जनगणनेसाठी नसून चर्चच्या करासाठी असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सदस्य असाल तर प्राप्तिकराच्या ९ टक्के, बायर्न आणि बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्यांत ८ टक्के, एवढा कर पगारातून वेगळा कापला जातो. वसईच्या वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावं. खरं तेच लिहावं लागतं, पण काय लिहिल्यानं काय होतं हे आधी माहीत असावं. हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम, शीख यांना हा कर नाही.

विवाहित असाल तर लग्नाचं प्रमाणपत्र भाषांतरासकट इथेच दाखवा. इथली नोंद पुढे कराच्या वर्गापर्यंत, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते ठरवणाऱ्या गटापर्यंत, जाते.

नोंदणी झाली की एक कागद मिळतो. त्यावरच्या नावाचं प्रत्येक अक्षर, जन्मतारीख आणि पत्ता तिथल्या तिथे, टेबलावरून उठण्याआधी वाचा. पुढची सगळी कार्यालयं हीच नोंद उचलतात. एक अक्षर चुकलं तर ते पाच ठिकाणी दुरुस्त करत बसावं लागतं.

६. टपालपेटीवर नाव

नोंदणी करून घरी आलात की पहिलं काम: टपालपेटीवर आणि बेलवर तुमचं आडनाव लावणं. जर्मनीत बहुतेक इमारतींना फ्लॅट क्रमांक नसतात. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो. नाव नसेल तर पत्र 'पत्ता सापडला नाही' असा शिक्का बसून परत जातं, आणि पाठवणारं कार्यालय ते पुन्हा आपणहून पाठवेलच असं नाही. सुबक पाटी लागेपर्यंत कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी लावून टाका. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं आडनाव असेल तर सगळी लिहा. पासपोर्टवर तुमचं आडनाव आणि बायकोचं माहेरचं आडनाव असेल तर दोन्ही हवीत.

कराचा क्रमांक आला नाही, बँकेचा पिन आला नाही, विम्याचं कार्ड आलं नाही, अशा तक्रारींमागे फार वेळा हीच पट्टी नसते.

७. तिथलं बँक खातं

रोजच्या व्यवहाराच्या खात्याला गिरोकोंटो म्हणतात. श्पारकास्से, कॉमर्सबँक, डॉइचे बँक अशा शाखा असलेल्या बँका आहेत, आणि आयएनजी, डीकेबी, एन२६ अशा फक्त ऑनलाइन. ऑनलाइन खातं स्वस्त पडतं, पण ओळख पटवताना व्हिडिओवर भारतीय पासपोर्ट बऱ्याचदा नाकारला जातो. तेव्हा वेळ घालवू नका. पोस्टाच्या शाखेत जाऊन ओळख पटवायचा पर्याय घ्या, किंवा सरळ शाखा असलेल्या बँकेत अपॉइंटमेंट घेऊन जा. पहिल्या खात्यासाठी महिन्याला थोडं शुल्क देणारी पण समोर माणूस बसलेली बँक हाच बरा पर्याय. स्वस्त खातं सहा महिन्यांनी उघडता येतं.

काय न्यायचं: पासपोर्ट, व्हिसा, आनमेल्डुंगचा कागद, नोकरीचा करार किंवा प्रवेशपत्र. बँक कराचा क्रमांक मागते. तो अजून आला नसेल तर 'आल्यावर कळवतो' असं सांगून खातं उघडता येतं.

बँकेनं नकार दिला तर 'बासिसकोंटो' हा शब्द वापरा. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही मूलभूत खातं मिळण्याचा हक्क जर्मनीत २०१६ पासून कायद्यानं आहे. त्याचा वेगळा छापील अर्ज असतो. तो दिला की बँकेला दहा कामकाजाच्या दिवसांत खातं द्यावं लागतं किंवा कारण लिहून द्यावं लागतं.

खातं उघडलं की आयबान, म्हणजे खाते क्रमांक मिळतो: सुरुवातीला 'डीई' आणि पुढे वीस आकडे. नोकरी देणारा, विमा कंपनी आणि श्पेरकोंटोची कंपनी यांना तो द्या. ऑक्टोबर २०२५ पासून पैसे पाठवताना बँक आयबान आणि नाव जुळतं का ते तपासते. त्यामुळे खात्यावर आहे तेच नाव, त्याच क्रमानं सगळ्यांना कळवा.

आता आकड्यांबद्दल, कारण इथल्या चुका महागात पडतात. जर्मनीत स्वल्पविराम आणि टिंब उलटे वापरतात: १.२५० म्हणजे बाराशे पन्नास, आणि १,२५ म्हणजे सव्वा. हातानं फॉर्म भरताना इंग्रजी एक हा नुसती उभी रेघ काढून लिहू नका, वर तिरका फराटा ओढा. सातच्या मधून आडवी रेघ मारा. तशी रेघ नसलेला सात तिथे एक म्हणून वाचला जातो आणि आयबान चुकतो. तारीख दिवस, महिना, वर्ष अशीच, पण मध्ये टिंबं देऊन.

वीज, फोन, विमा यांचे पैसे लास्टश्रिफ्टनं जातात, म्हणजे समोरची कंपनी तुमच्या खात्यातून स्वतः काढून घेते. खात्यात शिल्लक नसेल तर व्यवहार परत जातो आणि वर दंड बसतो. चुकीची रक्कम गेली तर आठ आठवड्यांपर्यंत कारण न देता ती परत मागवता येते, आणि परवानगी न देताच काढली असेल तर तेरा महिन्यांपर्यंत. महिन्यातून एकदा खात्याचा उतारा वाचायची सवय लावा.

८. आरोग्य विमा

नोकरदारांना सरकारी व्यवस्थेतला विमा मिळतो. टीके, आओके, बार्मर, डीएके अशा कितीतरी संस्था आहेत. मूळ हप्ता सगळीकडे पगाराच्या १४.६ टक्के, वर प्रत्येक संस्थेचा वेगळा जादा हप्ता, आणि दोन्हींचा निम्मा भार नोकरी देणारा उचलतो. संस्था तुम्ही निवडायची, कंपनीनं नाही. कमावता नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात.

पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर खासगी विमा घेता येतो. २०२५ साली ही मर्यादा वर्षाला ७३,८०० युरो होती. तरुण, एकट्या माणसाला तो स्वस्त दिसतो. पण तिथे घरातल्या प्रत्येकाचा वेगळा हप्ता असतो, वयाबरोबर तो वाढतो, आणि पंचावन्न वर्षांनंतर सरकारी विम्यात परतणं जवळपास अशक्य असतं. कुटुंब पुढे येणार असेल तर दलालाच्या आकडेमोडीला भुलू नका.

विद्यार्थ्यांनी जास्त सावध राहावं. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना सरकारी संस्थेत सवलतीचा हप्ता असतो. स्वस्त खासगी विमा घेण्यासाठी एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की तो शिक्षणक्रम संपेपर्यंत परत फिरता येत नाही. श्पेरकोंटोबरोबर 'मोफत' मिळणारा विमा नेमका कुठला आहे, प्रवासापुरता की पूर्ण, हे वाचूनच सही करा. विद्यापीठाला विम्याची माहिती सरकारी संस्थेकडून थेट संगणकावर जाते. खासगी विमा असला तरी सूट मिळाल्याचा निरोप सरकारी संस्थेनंच द्यावा लागतो.

सरकारी संस्थेत नाव नोंदवलं की सामाजिक सुरक्षा क्रमांकही तिच्यामार्फत येतो. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही.

९. कराचा क्रमांक आणि पहिला पगार

आनमेल्डुंगनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत अकरा आकड्यांचा कर-ओळख क्रमांक टपालानं येतो. हे पत्र जन्मभर जपून ठेवायचं. घर बदललं, लग्न झालं, देश सोडून परत आलात तरी क्रमांक तोच राहतो. आला नाही तर केंद्रीय कर कार्यालयाच्या संकेतस्थळावरून पुन्हा मागवता येतो, पण तोही फोनवर किंवा मेलवर न सांगता टपालानंच पाठवतात.

तो न कळवता पगार झाला तर कंपनी कर वर्ग ६ लावू शकते. हा सगळ्यात जड वर्ग. हातात पडलेली रक्कम बघून घाबरू नका, क्रमांक दिला की जादा कापलेला कर पुढच्या पगारात किंवा वार्षिक विवरणात परत मिळतो. एकट्याला वर्ग १. जोडीदार भारतात असेल तोवर लग्न झालेलं असूनही वर्ग १ च लागतो. जोडीदारानं तिथे येऊन नोंदणी केली की दोघांना वर्ग ४ मिळतो. एकाचाच पगार असेल तर अर्ज करून वर्ग ३ आणि ५ अशी जोडी घेता येते, दरमहा हातात जास्त पडतं.

१०. रहिवासी परवाना

व्हिसावर आत आलात तरी तो काही महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात परवान्याचा अर्ज पडलेला असला पाहिजे. निदान आठ आठवडे आधी अर्ज करा. अपॉइंटमेंट नंतरची मिळाली तरी चालेल, पण अर्ज दाखल झाल्याची तारीख व्हिसाच्या आतली हवी. ऑनलाइन अर्ज केला तर शेवटी मिळणारी पोच लगेच उतरवून घ्या.

फोटो भारतातून काढून नेऊ नका. मे २०२५ पासून छापील फोटो बंद झाले आहेत. अधिकृत स्टुडिओतून थेट पाठवलेला किंवा कार्यालयातच काढलेला डिजिटल फोटो लागतो.

कार्ड यायला वेळ लागणार असेल तर फिक्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद मिळतो. भारतात यायचं तिकीट काढण्याआधी त्यात कुठल्या चौकटीत खूण आहे ते बघा. निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या परिच्छेदाची खूण असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. तिसऱ्या परिच्छेदाची असेल तर परतताना विमानतळावरच अडाल.

११. भाडं, अनामत आणि शुफा

जाहिरातीत 'काल्टमिटे' म्हणजे फक्त घराचं भाडं, 'वार्ममिटे' म्हणजे हीटिंग आणि इमारतीचा खर्च धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा दोन्हींत नसतं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटेइतकीच घेता येते, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला कायद्यानं हक्क आहे. घर न बघता, किल्ली न घेता अनामत पाठवू नका. 'मी परदेशात आहे, पैसे भरा, किल्ली कुरियरनं येईल' असं सांगणारा प्रत्येक जण फसवणूक करणारा असतो.

घरमालक शुफाचा दाखला मागतो. पैशांच्या व्यवहारात तुमची पत कशी आहे हे सांगणारी ही संस्था. नव्या माणसाची तिथे नोंदच नसते, तेव्हा नोकरीचा करार आणि पगाराच्या तीन पावत्या द्या. शुफा तुमची स्वतःची माहिती तुम्हाला विनामूल्य देते. तिच्या संकेतस्थळावर ठळकपणे दिसतो तो विकतचा दाखला, फुकटची प्रत शोधावी लागते. ही प्रत जशीच्या तशी घरमालकाला देऊ नका, तिच्यात खात्यांचे सगळे तपशील असतात.

घर बदललं की पुन्हा दोन आठवड्यांत नव्या पत्त्याची नोंदणी, आणि जुन्या पत्त्यावरची पत्रं वळवण्यासाठी पोस्टाची सशुल्क सेवा.

१२. पेटीत येणारी पत्रं

नोंदणीनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. टीव्ही नसला तरी हे शुल्क टळत नाही. महिन्याला १८.३६ युरो, पण दर घरामागे एकदाच. घरात आधीच कुणी भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवा म्हणजे सुटका होते. उत्तर न देता फेकून दिलेलं पत्र थकबाकी होऊन परत येतं.

पिवळ्या पाकिटाला, म्हणजे पोचवल्याची अधिकृत नोंद करून टाकलेल्या पत्राला, सगळ्यात आधी हात घाला. त्यावर पोस्टमननं पत्र टाकल्याची तारीख लिहिलेली असते आणि मुदत त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही पाकीट फोडल्यापासून नाही. ते पाकीटही जपून ठेवा. साध्या सरकारी पत्रांबाबत २०२५ पासून टपालात टाकल्याच्या चौथ्या दिवशी ते मिळालं असं धरतात. बहुतेक निर्णयांवर हरकत घ्यायला एक महिना असतो. जर्मन येत नसेल तर फोननं भाषांतर करून निदान तारीख आणि रक्कम तरी त्याच दिवशी शोधा.

१३. वर्ष सरताना: दोन्हीकडचा कर

जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, भारताचं एप्रिल ते मार्च. भारतातल्या बँकांकडून व्याजाचे दाखले मागताना दोन्ही कालावधींचे मागा.

जर्मनीत विवरण भरणं सक्तीचं असेल तर मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत असते. ऐच्छिक असेल तर चार वर्षं मिळतात. पहिल्या वर्षी अर्धंमुर्धं वर्षच नोकरी झालेली असते, त्यामुळे बरीच रक्कम परत मिळते. नोकरीसाठी स्थलांतर केल्याचा खर्चही दाखवता येतो: विमानाचं तिकीट, सामान पाठवल्याची पावती. म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात टाकत जा. सरकारचं एल्स्टर पोर्टल मोफत आहे. त्याचं सक्रियण पत्र टपालानं येतं, तेव्हा नोंदणी मुदतीच्या महिनाभर आधी करा.

भारतातलं व्याज, एनआरईचंसुद्धा, जर्मन विवरणात दाखवायचं. एका माणसाला वर्षाला १,००० युरोपर्यंतचं भांडवली उत्पन्न माफ आहे, त्याहून जास्तीच्या रकमेवर २५ टक्के कर आणि त्या कराच्या ५.५ टक्के अधिभार. एनआरओ व्याजावर भारतात ३० टक्के कापले जात असले तरी दोन्ही देशांतल्या करारानुसार ते १० टक्क्यांवर आणता येतात. त्यासाठी जर्मनीच्या फिनान्सआम्टकडून, म्हणजे स्थानिक कर कार्यालयाकडून, रहिवासी असल्याचा दाखला घ्या आणि तो भारतातल्या बँकेला दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला द्या. भारतीय म्युच्युअल फंड असतील तर जर्मनीत त्यांचा हिशोब अगदी वेगळा आणि किचकट होतो. पहिल्या वर्षी दोन्हीकडचं जाणणाऱ्या कर सल्लागाराला पैसे मोजा आणि त्यानं भरलेल्या विवरणाची प्रत मागून घ्या, दुसऱ्या वर्षी तीच समोर ठेवून स्वतः भरता येतं.